घर, गोत आणि दलाल

घर घेण्याचें काम आमच्या वर्गांतील बहुतेक गृहस्थांस आयुष्यांत एकदांच करावें लागतें. दलाल तेंच काम महिन्यांतून चार वेळां करतो. त्याच्या व आपल्या संबंधाचा बराचसा इतिहास या एका गोष्टींत आला. वीस-पंचवीस वर्षांची शिल्लक जीव मुठींत धरून आपण ज्याच्या मागोमाग तीन जिने चढतों, तो मनुष्य कोणाचा? आपला, विकणाऱ्याचा, कीं केवळ स्वतःचा? जिना चढतांना हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. आम्हांला तो फार उशिरां पडला. आणि पडल्यावर, शिक्षकी खोडीप्रमाणें, आम्ही जुनीं पुस्तकें काढून बसलों.

'दलाल' हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ वाट दाखविणारा असा आहे. नांवांत निंदा मुळींच नाहीं. ती मागाहून व्यवहारानें घातली. परंतु घराजमिनीच्या खरेदींत वाट दाखविण्याचें काम आपल्याकडे एका माणसाचें नसून सगळ्या गांवाचें होतें. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तींत, जमीन सहा गोष्टींनीं दुसऱ्याकडे जाते, असें एक वचन त्यानें घेतलें आहे. गांव, ज्ञाति, शेजारी व दायाद या चौघांची संमति, आणि सोनें व पाणी, अशा त्या सहा गोष्टी होत. यावर त्याचें विवेचन मोठें मार्मिक आहे. गांवाची संमति कशाला? तर व्यवहार उघड व्हावा म्हणून. तिच्यावांचून व्यवहार सिद्धच होत नाहीं असें नव्हे. शेजाऱ्याची कशाला? तर पुढें शिवेचा तंटा होऊं नये म्हणून. सोन्यापाण्याचें कारण मात्र निराळें आहे. स्थावराची विक्री निषिद्ध आणि दान प्रशस्त. तेव्हां विकावयाचेंच झाल्यास दानाचा विधि करून विकावें! आजच्या वकिलांनाही ही युक्ति हेवा करण्याजोगी वाटेल.

मराठेशाहींतील कागद पाहिले तर हाच विचार प्रत्यक्षांत उतरलेला दिसतो. वतनाचा किंवा मिराशीचा निवाडा गोताच्या साक्षीनें होई, आणि महजराच्या शेवटीं साक्षी घालणाऱ्यांच्या निशाण्या असत : पाटलाचा नांगर, सुताराचें किंकरें, एखाद्या बाईची बांगडी. ज्याला लिहितां येत नसे त्यालाही आपल्या शेजारच्या जमिनीचा मालक कोण हें ठाऊक असे, आणि तें त्याला चारचौघांत सांगावें लागे. या पद्धतींत जुलूम व भाऊबंदकी यांस पुष्कळ जागा होती, हें आम्ही विसरलों नाहीं. पण घराला आणखी एक वारस आहे ही गोष्ट तेथें लपविणें कठीण होतें.

मुंबईनें ही घडी मोडली. १८६४ च्या शिरगणतींत ज्या शहराची वस्ती आठ लाखांवर भरली, तेथें शेजारी शेजाऱ्यास काय ओळखणार? गोताची जागा कायद्यानें व कचेरीनें घेतली. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा मुंबई इलाख्यास १८९३ मध्यें लागू झाला; त्यानें शंभर रुपये व त्यांहून अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच व्हावी असें ठरविलें. साठेखतानें मालकी येत नाहीं, ती खरेदीखतानेंच येते, हेंही त्यांतच आहे. पुष्कळ सुशिक्षितांस अजून याचा पत्ता नसतो. मात्र कचेरी दस्त नोंदते; विकणारा खरा मालक आहे याची हमी ती घेत नाहीं. ही जी मधली मोकळी जागा राहिली, तींत दलाल उभा राहिला.

त्याला कायदा अगदींच नव्हता असें नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्यांत मुखत्यारावर एक सबंध प्रकरण आहे, आणि त्यांतील एक उदाहरण तर घराचेंच आहे. एकानें आपल्या मुखत्यारास अमुक घर खरेदी करावयास सांगितलें. तो परत येऊन 'तें मिळत नाहीं' म्हणाला, आणि स्वतःच घेऊन बसला. अशा वेळीं धन्यानें तें घर त्याच किंमतीस त्याच्याकडून मागून घ्यावें, असें कायदा सांगतो. उदाहरण उत्तम, पण त्यांत मुखत्यार कोणाचा हें ठरलेलें आहे. आपला दलाल दोन्हीकडून दलाली घेतो, आणि दोघांनाही 'मी तुमचाच' म्हणतो.

दलालाला वगळून पाहण्याचे प्रयोगही झाले. १९१५ मध्यें मुंबईंत गांवदेवीस सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली. गोतच पुन्हा उभें करून त्याला नोंदणीचा क्रमांक दिला, असें म्हटलें तरी चालेल. परंतु असें गोत सर्वांच्या नशिबीं कोठून असणार? १९४७ च्या भाडेनियंत्रणानें जागा दुर्मिळ केल्या व पागडी वाढविली. ती बेकायदा असल्यामुळें पावतीवांचून पोंचविणारा मनुष्य लागे, आणि तो कोण हें सांगावयास नकोच. पुढें १९६३ च्या फ्लॅटांच्या कायद्यानें लेखी करार होण्यापूर्वीं शेंकडा वीसपेक्षां अधिक रक्कम घेण्यास बंदी केली. पण त्याचा रोख बांधणाऱ्यावर होता.

आतां आमची गोष्ट. २०११ सालीं पुण्यांत आम्हीं एक जुना फ्लॅट पाहिला. दलालानें दुसरें गिऱ्हाईक तयार असल्याचें सांगितलें आणि आम्हीं त्याच सायंकाळीं एकावन्न हजार रुपये इसार दिला. कराराचा कायदा घरांत असूनही! सोसायटीच्या दाखल्यावर विकणाऱ्याचें एकट्याचें नांव होतें. वकिलानें वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली : कोणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत कळवावें. बाराव्या दिवशीं नागपुराहून पत्र आलें. विकणाऱ्याच्या वडिलांनीं मृत्युपत्र केलें नव्हतें, आणि त्यांना एक मुलगीही होती. नामनिर्देशनानें सोसायटींत मुलाचें नांव लागलें. त्यानें मालकी येत नाहीं, आणि १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणें बहिणीचा वांटा भावाइतकाच. नोटीस तिनें स्वतः वाचली नव्हती. त्याच जिन्यावरील एका म्हाताऱ्या शेजारणीनें ती वाचून तिला फोन केला होता. विज्ञानेश्वराचा शेजारी असा आमच्या कामास आला.

आम्हीं दलालाला विचारलें, "तुम्हांला हें ठाऊक होतें?"

"होतें सर," तो शांतपणें म्हणाला. "पण त्या ताई कांहीं बोलायच्या नाहींत असं वाटलं. लग्न होऊन तीस वर्षें झालीं त्यांच्या."

आमचा संताप झाला. परंतु खरें सांगावयाचें तर, ती बोलली नसती तर आम्हांलाही बरेंच वाटलें असतें. तेव्हां त्या संतापांत थोडी लाजही होती.

२०१६ चा स्थावर संपदेचा कायदा पुढील वर्षीं पूर्णपणें अंमलांत आला. त्यानें दलालाची नोंदणी सक्तीची केली व हिशेबाच्या वह्या ठेवण्याचें बंधन घातलें. महाराष्ट्रांत २०२३ पासून त्यांना परीक्षाही द्यावी लागते. करारापूर्वींच्या रकमेची मर्यादा वीसावरून दहावर आली, हेंही चांगलें झालें. मात्र हें सर्व नोंदलेल्या नव्या प्रकल्पांसाठीं आहे. आमच्यासारखा जुन्या इमारतींतील दुसऱ्या हाताचा फ्लॅट घेणारा अजून बाहेरच उभा आहे.

चार महिन्यांनीं भावाबहिणींनीं मिळून आम्हांला खरेदीखत लिहून दिलें; किंमतीचा अर्धा भाग बहिणीच्या नांवानें गेला. मधल्या काळांत नागपूरच्या दोन खेपा करून त्या दोघांना एकमेकांशीं बोलावयास लावलें तें या दलालानेंच, आणि तिकिटाचे पैसे त्यानें मागितले नाहींत. दलाली मात्र शेंकडा एक पुरी मागितली. आम्हीं ती कुरकुरत दिली. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत ओळख पटविण्यास दोन साक्षीदार हवे होते. एक आमचे सहाध्यापक आले. दुसरे ऐन वेळीं आले नाहींत. तेव्हां खिशांतून पेन काढून दलालच पुढें झाला, आणि दस्ताच्या शेवटच्या पानावर त्यानें आपली सही केली.