‘पूर्वेचा मोती’ : एका मोटारीचं मूळ शोधताना

स्मरणिका समितीने मला लेख मागितला तेव्हा ‘सोसायटीची पंचवीस वर्षे’ असा विषय दिला होता. त्या विषयावर आपल्या माजी सचिवांनी याच अंकात लिहिलं आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. मी लिहितो आहे एका मोटारीबद्दल. वाचणाऱ्याला वाटेल, रौप्यमहोत्सवात मोटार कुठून आली? पण ज्या मोटारीपासून ही गोष्ट सुरू होते, तिचं नाव ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत. एवढं नातं पुरे व्हावं. शिवाय या लेखात मला एक कबुलीही द्यायची आहे.

गेल्या दिवाळीत मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गोष्ट टाकली होती. तुम्ही सगळ्यांनी ती वाचली, बऱ्याच जणांनी हात जोडले. गोष्ट अशी : अलवरचे महाराज साध्या कपड्यात लंडनच्या रोल्स रॉईसच्या दुकानात गेले. विक्रेत्याने त्यांना हाकललं. महाराजांनी दुसऱ्या दिवशी थाटात जाऊन सगळ्या गाड्या विकत घेतल्या आणि भारतात आणून कचरा उचलायला लावल्या. शेवटी कंपनीने माफी मागितली. खाली ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’ असंही होतं. मी पाठवलं.

सी विंगमधल्या इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलीने फक्त एक ओळ लिहिली, “आजोबा, याला पुरावा काय?”

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारावा लागला, हे मला लागलं. संध्याकाळी कट्ट्यावर शेजारी म्हणाले, “मास्तर, तुम्ही पण फॉरवर्डवर विश्वास ठेवून राहिले?” मी हसण्यावारी नेलं. पण रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून शोधायला बसलो.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की हीच गोष्ट कधी अलवरच्या, कधी भरतपूरच्या, कधी पतियाळाच्या, तर कधी हैदराबादच्या नावावर सांगतात. राजा बदलतो, कचरा तोच राहतो. आणि कोणत्याही आवृत्तीत गाडीचा चेसिस नंबर नसतो.

हे चेसिस नंबराचं महत्त्व मला लहानपणापासून ठाऊक होतं. आमचे बाबा कामठीत एका गॅरेजमध्ये मिस्त्री होते. ते म्हणायचे, “रंग पाहू नये, पत्रा पाहू नये. खाली वाकून नंबर वाचावा.” जुन्या रोल्स रॉईसच्या बाबतीत तर हे शंभर टक्के लागू. त्या काळी कंपनी फक्त चेसिस, इंजिन आणि यंत्रं बनवायची. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बॉडीवाल्याकडून बांधून घ्यायचं. लंडनचे बार्कर, हूपर हे त्यातले नामांकित. एकाच चेसिसवर आज उघडी बॉडी, दहा वर्षांनी बंद बॉडी, असं सर्रास व्हायचं. म्हणून गाडी कशी दिसते यावरून तिचं मूळ कळत नाही. ते कळतं नंबरावरून आणि त्या नंबराच्या कागदावरून. कंपनी प्रत्येक चेसिसचं कार्ड ठेवायची, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची गाडी कोणासाठी बनली हे आजही काढता येतं.

आता रुपेरी भुताकडे येतो. हेन्री रॉईस हा गरिबीत वाढलेला, लहानपणी वर्तमानपत्रं विकलेला कारागीर. चार्ल्स रोल्स हा उमरावाचा मुलगा, मोटारी विकणारा. दोघांची भेट ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात झाली. दोन वर्षांनी कंपनी स्थापन झाली आणि १९०६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात त्यांनी नवी सहा सिलिंडरची गाडी मांडली. तिचं नाव होतं नुसतं ‘४०/५० अश्वशक्ती’. इंजिन सात लिटरचं. आपल्या साध्या छोट्या गाडीचं इंजिन एक लिटरच्या आसपास असतं, यावरून अंदाज करा.

कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांना जाहिरातीची नजर होती. त्यांनी एक चेसिस, नंबर ६०५५१, खास दाखवण्यासाठी निवडली. बार्करकडून उघडी बॉडी करून घेतली, रुपेरी रंग दिला, दिवे-कड्यांना चांदीचा मुलामा दिला आणि पाटीवर नाव कोरलं, ‘द सिल्व्हर घोस्ट’. भूत अशासाठी की आवाज नाही. रस्त्यावरचा तिचा नोंदणी क्रमांक एएक्स २०१. आज आपण त्या जातीच्या सगळ्याच गाड्यांना सिल्व्हर घोस्ट म्हणतो, पण मुळात ते एकाच गाडीचं पाळण्यातलं नाव होतं.

ही गाडी नुसती प्रदर्शनात पुसून ठेवली नाही. १९०७ साली ती लंडन ते ग्लासगो अशी सत्तावीस वेळा पळवली. रविवार सोडून रात्रंदिवस. वाटेत आपोआप बंद न पडता तिने १४,३७१ मैल काढले आणि चाचणी पंधरा हजार मैलांवर संपली. म्हणजे जवळपास २४,००० किलोमीटर. आपल्या हिशेबात सांगायचं तर कामठी–नागपूर साडेसातशे वेळा जाऊन येऊन. नंतर परीक्षकांसमोर गाडी उघडली तेव्हा झिजलेल्या भागांचा खर्च दोन पौंडांच्या थोडा वर निघाला. पुढे १९०८ मध्ये ती विकली गेली आणि चाळीस वर्षांनी, १९४८ साली, कंपनीकडे परत आली. इतक्या वर्षांनी हीच ती गाडी हे नंबरामुळे आणि कागदांमुळे निर्विवाद राहिलं.

आता या कथेचा आपल्या मातीतला भाग. इंग्लंडचे रस्ते जिंकले, पण हिंदुस्थानात काय? इथे ऊन, धूळ, मुरमाचे रस्ते आणि घाट. राजेरजवाडे हे मोठं गिऱ्हाईक, पण त्यांना खात्री हवी. तेव्हा फ्रँक नॉरबरी या गृहस्थांनी १९०८ साली अशीच एक ४०/५० मुंबईत आणली. तिलाही नाव दिलं होतं, ‘द पर्ल ऑफ द ईस्ट’, पूर्वेचा मोती. त्या वर्षी मुंबई–कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी भरली होती. ही वेगाची शर्यत नव्हती, भरवशाची होती. कोण आधी पोचतो यापेक्षा कोण न बिघडता पोचतो याला मोल होतं.

त्या वाटेची कल्पना करा. आज मुंबईहून कोल्हापूरला जाताना बोगदे आहेत, सहापदरी रस्ता आहे, तरी खंबाटकीला ट्रक बंद पडलेला दिसतोच. बोरघाट, कात्रज, खंबाटकी ही नावं म्हणजे त्या काळी ड्रायव्हरची परीक्षाच. चढाला पाणी उकळायचं, उताराला ब्रेक तापायचे. पेट्रोलपंप नव्हते, पेट्रोल डब्यांतून न्यावं लागे. पंक्चर काढायचं तर तिथेच, रस्त्याच्या कडेला बसून. अशा मुलखात सहा अवघड घाट ओलांडत त्या मोत्याने ६२० मैल, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर, बिघाडाशिवाय पार केले आणि चाचणी जिंकली. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज होते.

गाडी विकत घेतली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी. इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. शिंदे घराण्याचं मूळ गाव कण्हेरखेड, सातारा जिल्ह्यातलं. राणोजी शिंदे तिथून निघाले आणि त्यांचे वंशज ग्वाल्हेरचे राजे झाले. पावणेदोनशे वर्षांनी त्यांच्या घरात जी मोटार गेली, तिने नाव कमावलं ते त्याच साताऱ्याकडच्या घाटवाटांवर. कोणी लेखकाने रचलं असतं तर ‘जुळवून आणलं’ म्हटलं असतं.

माधवरावांनी ती नुसती शोभेला घेतली असेल असं वाटत नाही, कारण त्यांना यंत्रांचा मनापासून नाद होता. ग्वाल्हेरची दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे त्यांच्याच काळातली. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी तर प्रसिद्धच आहे, पाहुण्यांपुढे पेयं आणि सिगार घेऊन ती रुळांवरून फिरे. शिवाय या मोटारीचा आणखी एक गुण राजेलोकांच्या कामाचा होता. ती टॉप गिअरमध्येच माणसाच्या चालीने चालू शकत असे. मिरवणुकीत हत्ती-घोड्यांसोबत हळू चालायचं आणि आवाज करून त्यांना बुजवायचं नाही, हे भुतालाच जमायचं. पुढे १९११ च्या दिल्ली दरबारासाठी रोल्स रॉईसच्या गाड्या मुद्दाम मागवल्या गेल्या. भारतातल्या त्या सगळ्या दिमाखाची सुरुवात कचऱ्याच्या गाडीने नाही, कोल्हापूरच्या घाटात झाली. अपमानाचा सूड या गोष्टीपेक्षा मला ही खरी गोष्ट जास्त अभिमानाची वाटते. आपल्या घाटांनी जगातल्या सर्वोत्तम गाडीची परीक्षा घेतली होती.

एवढं लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या मुलीचा प्रश्न घरातही शिरला.

तुमच्यापैकी अनेकांनी कोजागिरीला माझ्या तोंडून ऐकलं आहे की आमच्या बाबांनी कामठीत एका राजाची रोल्स रॉईस दुरुस्त केली होती. पंचवीस वर्षं मी हे सांगत आलो. म्हटलं, दुसऱ्यांच्या गोष्टींना नंबर विचारतो, तर आपल्या गोष्टीलाही विचारू. माळ्यावर बाबांच्या कामाच्या वह्या होत्या. लाल कापडी पाठीच्या, ग्रीसच्या बोटांचे ठसे असलेल्या. प्रत्येक कामाची तारीख, गाडी, नंबर, केलेलं काम आणि मजुरी. तीन संध्याकाळी गेल्या. १९५४ च्या वहीत ती नोंद सापडली.

गाडी : हंबर, काळी. काम : रेडिएटर झाळणे, दोन होज पाईप, फॅनबेल्ट. रुपये ११, आणे ८. मालक : वकीलसाहेब, नागपूर. ओळख : राजांकडचे ड्रायव्हर.

बस. मोठी परदेशी गाडी होती, हे खरं. राजाचा ड्रायव्हर होता, हेही खरं. पण राजा नव्हता आणि रोल्स रॉईस तर नव्हतीच. खूप आठवून पाहिलं, बाबांच्या तोंडून ‘रोल्स’ हा शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही. ते म्हणायचे, “मोठी गाडी होती.” बाकीचं आम्ही भावंडांनी केलं. एकाने राजा बसवला, दुसऱ्याने गाडी बदलली आणि मी इतिहासाचा मास्तर असून त्यावर शिक्का मारला.

दोन दिवस वाईट वाटलं. वही परत माळ्यावर ठेवून द्यावी असंही मनात आलं, कोण विचारणार होतं? मग वहीच पुन्हा वाचली. बाबांनी कुठे एक आणा वाढवून लिहिलेला नाही. ज्या माणसाने हंबरला हंबर लिहिलं, त्याच्या नावावर मी रोल्स का चढवावी? म्हणून ही दुरुस्ती, सर्वांसमक्ष, छापील. कोजागिरीला आता मी हंबरचीच गोष्ट सांगेन. साडेअकरा रुपयांची आहे, पण पावतीसकट आहे.

जाता जाता उपयोगाचं थोडं. जाणकार लोक साधारण १९१९ ते १९३० च्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणतात, म्हणजे १९०८ चा मोती त्याहूनही जुन्या पिढीचा. आपल्या सरकारने मात्र २०२१ साली वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली यांसाठीच. आपल्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली झाकलेल्या दोन स्कूटर आणि एक फियाट आहे. भंगारवाल्याला बोलवायच्या आधी त्यांची आरसी बुकं शोधा. कागद नसेल तर ती नुसती जुनी गाडी, कागद असेल तर तिला इतिहास आहे.

आणि हेच आपल्या स्कीमलाही लागू आहे. पंचवीसच वर्षं झाली, तरी गेटजवळचा कडुनिंब कोणी लावला याचे तीन दावेदार आहेत. तिघंही माझे मित्र, म्हणून मी गप्प बसतो. पण पहिल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, पहिल्या बोअरची पावती, पहिल्या गणपतीचा फोटो, ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते कार्यालयात आणून द्यावं. एक पेटी करू. सुवर्णमहोत्सवाला मी बहुधा नसेन. तेव्हा लेख लिहायला जो कोणी बसेल, कदाचित सी विंगमधली तीच मुलगी, तिला पुरावा मागत फिरावं लागू नये.

तिला मी ग्रुपवर उत्तर दिलं नव्हतं. ते हे उत्तर. सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.