मोडलेल्या संसाराचें दप्तर

विवाह आपल्याकडे चारचौघांच्या देखत होतो. अक्षता टाकणारे, पंगतींत बसणारे, आहेर करणारे असे साक्षीदार त्यास हवे तितके मिळतात. निकाहासहि साक्षी लागतातच. परंतु तोच विवाह मोडला म्हणजे साक्षीदार पांगतात, आणि कांहीं वर्षांनीं तो खरोखर केव्हां व कसा मोडला हें सांगणारें कोणीच उरत नाहीं. मग कागद शोधावा लागतो. आणि हा कागद कोठें असतो, या साध्या प्रश्नाचें उत्तर आपल्या सामाजिक इतिहासांत बरेंच खोल जाऊन शोधावें लागतें.

समजा, भिवंडीच्या एखाद्या कुटुंबांत पणजीचा पहिला विवाह मोडला होता अशी ऐकीव गोष्ट चालत आली आहे, आणि ती कितपत खरी हें पणतूस पाहावयाचें आहे. त्यानें कोणत्या कचेरीची पायरी चढावी? अमेरिकेंतील पुष्कळ राज्यांत या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. तेथें काउंटी म्हणून आपल्या जिल्ह्यासारखा विभाग असतो. त्याच्या न्यायालयाच्या कारकुनाकडे नांव व साल सांगितलें कीं नोंद सांपडण्याचा संभव असतो. आपल्या ठाणें जिल्ह्यांत जन्ममृत्यूंची नोंद १९६९ च्या कायद्यान्वयें होते, विवाहाची १९९८ च्या कायद्यान्वयें होते. परंतु सर्व विवाहविच्छेदांची एकत्र नोंद ठेवणारें पुस्तक कोणत्याहि कचेरींत नाहीं. तें कां नाहीं, हें मागें वळून पाहिल्यावांचून कळणार नाहीं.

सन १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, त्या काळींहि विवाहविच्छेद ही गोष्ट महाराष्ट्रांत नवी नव्हती. ब्राह्मणादि जातींत तो निषिद्ध मानला जाई. पण बहुसंख्य जातींत काडीमोड होई, सोडचिठ्ठी लिहिली जाई आणि स्त्रीस पाट लावतां येई. निवाडा जातीचे पंच करीत. सोडचिठ्ठीचा कागद झालाच तर तो स्त्रीच्या हातीं जाई, आणि तो हरवला कीं पुरावा संपला. सरकारास या व्यवहाराची दखल घ्यावी लागे ती मुख्यतः पैशासाठीं; पाट लावण्यावर पाटदाम नांवाची पट्टी असे. म्हणजे संसार मोडल्याची नोंद नव्हे, तर दुसरा संसार मांडल्याचा वसूल तेवढा हिशेबांत येई. इतिहाससंशोधकास त्या काळच्या स्त्रीचें दर्शन व्हावयाचें तें बहुधा अशा जमाखर्चाच्या ओळींतूनच.

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनीं या रूढींची चौकशी आरंभिली. आर्थर स्टील यानें दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचा संग्रह केला, तो १८२७ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. त्याच सालच्या चौथ्या रेग्युलेशननें, जेथें कायदा नसेल तेथें देशाचार पाहावा असें ठरविलें. परंतु पुढें न्यायालयांचें मत कठोर होत गेलें. विवाह रद्द ठरविण्याचा अथवा स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाहीं, असें मुंबई हायकोर्टानें १८७६ सालीं सांगितलें. पंचांचा अधिकार असा डळमळीत झाला. त्याच्या जागीं दुसरा अधिकार मात्र आला नाहीं. या कोंडीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रखमाबाईंचें. बालपणीं झालेला विवाह त्यांनीं मानण्याचें नाकारलें. १८८४ मध्यें फिर्याद झाली, १८८५ मध्यें निकाल त्यांच्या बाजूनें लागला, १८८६ मध्यें तो फिरला, आणि १८८८ मध्यें तडजोड झाली. तरीहि कायद्याच्या दृष्टीनें तो विवाह तुटला नाहीं, कारण त्यांच्यासाठीं तो तोडणारा कायदाच नव्हता.

कायदे आले ते एकेका समाजासाठीं निरनिराळे. पारशांसाठीं १८६५ चा, ख्रिस्त्यांसाठीं १८६९ चा, मुसलमान स्त्रियांना न्यायालयांतून फारकत मागण्याचा हक्क देणारा १९३९ चा, मुंबई इलाख्यांतील हिंदूंसाठीं १९४७ चा, आणि शेवटीं सर्व हिंदुस्थानांतील हिंदूंसाठीं १९५५ चा. या शेवटच्या कायद्यानेंहि रूढीनें चालत आलेली काडीमोड कायम ठेवली. वाटा अनेक झाल्या, आणि प्रत्येक वाटेचें दप्तर वेगळें राहिलें. म्हणून शोध घेणारानें कचेरीपूर्वीं हें ठरवावें लागतें कीं, विवाह कोणत्या वाटेनें मोडला.

न्यायालयाच्या हुकुमनाम्यानें मोडला असेल, तर भिवंडीचें दिवाणी न्यायालय, ठाण्याचें जिल्हा न्यायालय आणि अलीकडच्या काळांतील कौटुंबिक न्यायालय हीं पाहावयाचीं ठिकाणें होत. उभयतांचीं नांवें व अदमासें साल ठाऊक असल्यास दाव्याचा क्रमांक लागतो, आणि क्रमांक हातीं आला कीं नकलेसाठीं अर्ज करून फी भरतां येते. पक्षकारास नक्कल मिळण्यास फारशी अडचण नसते. तिऱ्हाइतास मात्र ती कां हवी याचें कारण प्रतिज्ञेवर सांगावें लागतें. माहितीच्या अधिकाराचा अर्ज येथें चालत नाहीं. न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांनींच मागाव्या, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें आहे. शिवाय हिंदु विवाहाच्या कायद्याखालील सुनावणी बंद दरवाजाआड होते, व तिचा मजकूर छापण्यास मनाई आहे.

फारकतनामा नोंदविलेला असेल, तर दुय्यम निबंधकाकडे जावें. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें स्थावर मिळकतीचें पहिलें पुस्तक कोणासहि पाहतां येतें. पण असे संकीर्ण दस्त चौथ्या पुस्तकांत जातात, आणि त्यांची नक्कल दस्त करून देणारास, त्याखालीं हक्क सांगणारास किंवा त्यांच्या प्रतिनिधीसच मिळते. शेजाऱ्याची जमीन कोणी घेतली हें आपणांस पाहतां येतें. त्याचा संसार कसा मोडला हें नाहीं. हा भेद योग्यच म्हटला पाहिजे.

भिवंडी हें कोंकणी मुसलमानांचें व उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांचेंहि गांव. तेथें काझींच्या दप्तरांत निकाहाच्या नोंदी असतात. तलाकाचें तसें नाहीं, तो पुष्कळदां तोंडीच होई. बंगालमध्यें मुसलमानांचे विवाह आणि तलाक दोन्ही ऐच्छिक रीतीनें नोंदविण्याचा कायदा १८७६ सालींच झाला होता. मुंबई इलाख्यास तो लागू नव्हता. एका दमांत दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानें २०१७ मध्यें रद्द ठरविला व २०१९ मध्यें तो गुन्हा झाला. परंतु त्यापूर्वींच्या पिढ्यांतील स्त्रियांच्या हातीं कागद आला असेलच असें नाहीं. पंचांपुढें काडी मोडली गेली त्या स्त्रीचीहि हीच स्थिति. रूढीचा आधार घेणारानें ती रूढि न्यायालयांत सिद्ध केली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं स्पष्ट केलें आहे. ज्या पंचांनीं साक्ष द्यावयाची ते मरून गेले असले, तर तिनें काय करावें?

हा प्रश्न केवळ वंशवृक्ष रेखाटणारांचा नाहीं. पहिला विवाह मोडल्याचा पुरावा नसेल तर दुसरा विवाह संशयांत पडतो; त्या संशयाची छाया मुलांच्या वारशावर व निवृत्तिवेतनावर पडते. २०११ च्या खानेसुमारींत सुमारें १३ लाख ६० हजार माणसांनीं आपण घटस्फोटित असल्याचें सांगितलें. विभक्त म्हणविणारांची संख्या त्याच्या जवळजवळ तिप्पट भरली. म्हणजे संसार मोडलेल्यांपैकीं बहुतेकांपाशीं तो मोडल्याचा कायदेशीर कागद नाहीं. विवाहविच्छेदाचा न्यायालयीन निकाल साऱ्या जगास बंधनकारक असतो, असें पुराव्याचा कायदा मानतो. जगास बंधनकारक असलेली गोष्ट जगास सांपडेल अशा जागीं असावी, हें म्हणणें गैर नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, लोकांच्या घरांतील दुःखें उघड्यावर मांडावयाचीं काय? मुळींच नाहीं. दुःख व घटना या दोन वस्तु निराळ्या आहेत. कोणी कोणास काय म्हटलें, कोणाचा दोष किती, हें न्यायालयाच्या पेटींत बंद राहावें. परंतु अमुक तारखेस अमुक न्यायालयानें हा विवाह मोडला, एवढी एक ओळ कोठेंतरी नोंदलेली असावी. ही कल्पना परकी नाहीं. १९३६ च्या पारशी विवाहाच्या कायद्यांत हुकुमनाम्याची प्रत न्यायालयानें विवाहनिबंधकाकडे धाडावी, व त्यानें ती स्वतंत्र पुस्तकांत नोंदावी, असें स्पष्ट लिहिलें आहे. एका लहानशा समाजानें जी शिस्त स्वतःस लावून घेतली, ती जिल्ह्याजिल्ह्यांत सर्वांसाठीं लावण्यास मोठा खर्च येणार नाहीं.

तोंपर्यंत ज्या घरांत असा कागद असेल, मग तो हुकुमनामा असो वा जीर्ण सोडचिठ्ठी, तो लाजेनें जाळून टाकूं नये, अशी वाचकांस विनंति आहे. त्याची नक्कल करून ठेवावी, आणि ज्या स्त्रीचा तो आहे तिच्या हातीं ती असावी.