आज्ञापत्रातील झाडे आणि सातेरीची ढोली

करवीर राज्याच्या आरंभकाळी, इ. स. १७१५च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांनी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. राजनीतीच्या या ग्रंथात झाडांचा विचार दोन ठिकाणी येतो, आणि दोन्हींमागची भूमिका वेगळी आहे.

आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे, असे सांगितले आहे. आंबा-फणसाला मात्र हात लावायचा नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरच धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. येथे झाड वाचते ते रयतेच्या हक्कामुळे.

दुर्गप्रकरणातली आज्ञा अधिक मोकळी आहे. गडावर वड, पिंपळ, चिंच, लिंबू, फुलझाडे, वेली, उपयोगी असोत वा निरुपयोगी, जे होईल ते लावावे, जतन करावे; वेळप्रसंगी निदान लाकूड तरी कामी येईल.

या उताऱ्यांत मधमाशी कुठेच नाही. तरी दुसरी आज्ञा तिच्या पथ्यावर पडते. आंब्याचा मोहर काही आठवड्यांचा. पुढे तिला जांभूळ, हिरडा लागतात. काही वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी तिला मध देते आणि घाटउतारावरची माती धरून ठेवते. मोहरावर साध्या माश्याही परागीभवन करतात. त्यांतल्या कित्येकींच्या अळ्या कुजत्या पालापाचोळ्यात वाढतात. पाचोळा जाळला, तर मातीची झीज होतेच, शिवाय मोहराचे मदतनीसही घटतात.

पहिल्या आज्ञेतली सवलत मात्र मधमाशीला जाचक ठरते. सातेरी माशी अंधाऱ्या पोकळीत पोळी बांधते, आणि अशी ढोली जुन्या झाडातच सापडते. अमात्यांच्या हिशेबी कामातून गेलेले झाड तिच्या लेखी नांदते घर असते.

भुदरगड तालुक्यातील पाटगाव आज महाबळेश्वरजवळच्या मांघरपाठोपाठ ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तिथल्या लाकडी पेट्या म्हणजे ढोलीला माणसाने दिलेला पर्याय. पण पेटी घर देते, फुलोरा देत नाही. तो भोवतालच्या रानातूनच यायचा. म्हणून आज्ञापत्र आज वाचताना त्यात एक कलम वाढवावेसे वाटते: धोक्याची फांदी जरूर उतरवावी, पण जुने खोड उभे ठेवावे. धन्याला मोल देऊन राजी करता येते; ढोलीतल्या बिऱ्हाडाला कशाने राजी करणार?