बचावफळी दरवर्षी पास होते

पदवीचे निकाल लागले की घरोघरी पेढे वाटले जातात. त्या आनंदात कॉलेजमधला एक माणूस मात्र थोडा उदास असतो. ते म्हणजे फुटबॉलचा संघ सांभाळणारे सर. तीन वर्षं खपून तयार केलेला स्टॉपर पास झालेला असतो, लेफ्ट बॅक पास झालेला असतो. गावातल्या क्लबला आपला खेळाडू दहा-दहा वर्षं टिकवता येतो. कॉलेजच्या संघाच्या नशिबी ते नाही. त्याचे सगळ्यात जाणते खेळाडू दरवर्षी गुणपत्रिका घेऊन निघून जातात.

आघाडीचा खेळाडू गेला तर त्याची जागा लवकर भरते. अकरावी-बारावीतून आलेला एखादा चपळ पोरगा पहिल्याच सामन्यात गोल करून जातो. बचावफळीचं तसं नसतं. का नसतं, हे मला १९९० साली कळलं. त्याची किंमत होती पाच गोल.

मी तेव्हा जळगावला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. खानदेशातल्या कॉलेजांसाठी ते मोठं वर्ष. तोपर्यंत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं; त्याचा वेगळा जिल्हा झाला १९९८ साली. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव आहे. आपल्या दारात विद्यापीठ आलं याचा आम्हाला अभिमान होता. मैदानावर मात्र त्याचा आणखी एक अर्थ होता. आजवर विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची तर पुणे, नगर, नाशिकच्या मुलांशी चढाओढ असे. आता या दोन जिल्ह्यांतूनच अकरा जण उभे करायचे होते. संधी वाढली; पण ज्यांच्याकडे पाहून शिकावं, त्यांतले पुष्कळ जण दुसऱ्या विद्यापीठाचे झाले.

आमच्या कॉलेजच्या संघात तर याहून मोठं खिंडार पडलं होतं. चारपैकी तीन बॅक त्या उन्हाळ्यात पास झाले. एक भुसावळला रेल्वेत लागला, दुसरा बी. एड. करायला नाशिकला गेला, तिसरा घरच्या कापसाच्या धंद्यात बसला. मी उजव्या कडेने पळणारा आणि पळता पळता ओळी जुळवणारा राखीव खेळाडू. सरांनी मला राइट बॅक केलं. सामना धुळ्याला होता. एरंडोल, पारोळा करत एस. टी.ने गेलो. पाऊस पडून गेलेला, काळी माती बुटांना चिकटून पाय जड झालेले. पण तोच चिखल समोरच्या संघालाही होता. आम्ही हरलो ते चिखलामुळे नाही.

पहिला गोल अजून डोळ्यांसमोर आहे. एक उंच चेंडू माझ्या आणि स्टॉपरच्या मधोमध आला. मला वाटलं तो घेईल, त्याला वाटलं मी घेईन. दोघंही थांबलो आणि मधून त्यांचा आघाडीवीर निघून गेला. पुढचे चार गोलही थोड्याफार फरकाने असेच झाले. परतताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की नव्वद मिनिटांत आमच्या बचावात कुणी कुणाशी एक शब्द बोललं नव्हतं.

आदल्या वर्षीचा आमचा लेफ्ट बॅक फार पळायचा नाही, पण सामनाभर ओरडायचा. माझ्या घरात उर्दू, गल्लीत अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी. त्याच्या हाकेत या सगळ्यांची खिचडी असे. ‘छोड दे’ म्हणजे चेंडू गोलरक्षकाचा. ‘मांगे, मांगे’ म्हणजे पाठीमागे मोकळी जागा पडली आहे. आणि ‘वर चला रे भो’ म्हणजे चौघांनी एकदम एका रेषेत पुढे सरकायचं, की समोरचा आघाडीवीर आपोआप ऑफसाइड. वर्षभर बाकावर बसून मी ते ऐकलं होतं. पण मला तो नुसता गोंगाट वाटला होता. अनुभवी बचाव म्हणजे काय, तर असे पाच-सहा शब्द आणि ते नेमके कधी म्हणायचे याची जाण. ती कुठल्या वहीत लिहिलेली नसते. माणूस गेला की तीही जाते.

अशी जाण एका रात्रीत निरुपयोगी झाल्याचंही फुटबॉलच्या इतिहासात घडलं आहे. १९२५पर्यंत आघाडीवीर ऑफसाइड ठरू नये म्हणून त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागत. त्या वर्षी नियम बदलला आणि दोन पुरेसे झाले. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत आदल्या हंगामात ११९२ गोल झाले होते, ते एकदम १७०३ झाले. बॅक तेच होते, पण त्यांचा जुना हिशेब चुकू लागला. ऑक्टोबरमध्ये आर्सेनलने न्यूकॅसलकडून सात गोल खाल्ले. तेव्हा त्यांचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी अनुभवी खेळाडू चार्ली बुकन यांचा आग्रह मानला आणि मधल्या हाफला मागे आणून तिसरा बॅक केला. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमवर ४-० असा विजय. आपण ज्याला स्टॉपर म्हणतो, त्याची जागा अशी पक्की झाली. संघातल्या जाणत्या माणसाचं बोलणं ऐकलं गेलं, म्हणून हे जमलं.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते टी. आओ, म्हणजे तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतला हा तरुण कोलकात्याला कारमायकेल मेडिकल कॉलेजात शिकत होता आणि मोहन बागानच्या बचावात खेळत होता. फ्रान्सविरुद्ध आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी शेवटी गोल खाऊन आपण २-१ असे हरलो. पुढे आओ डॉक्टर झाले आणि रुग्णसेवेसाठी कोहिमाला गेले. म्हणजे देशाच्या संघालाही तेच दुःख झालं, जे कॉलेजच्या संघाला दर उन्हाळ्यात होतं. पण त्यांच्या शेजारी बरीच वर्षं एकाच क्लबात खेळलेले लेफ्ट बॅक शैलेन मन्ना मागे होते. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मन्ना कर्णधार होते. अंतिम सामन्यात आपण इराणला १-० हरवलं आणि सुवर्णपदक जिंकलं. त्या निकालात एका गोलाइतकंच मोल त्या शून्यालाही आहे.

अर्थात अनुभव म्हणजे जादूची कांडी नव्हे. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला याच मन्नांच्या संघाने युगोस्लाव्हियाकडून दहा गोल खाल्ले. थंडीत, परक्या मैदानावर अनवाणी पाय पुरले नाहीत. त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. जुनं शिकायचं असतं, तसं वेळ आली की बदलायचंही असतं.

मग आमची चूक कुठे झाली? धुळ्याला नव्हे, त्याच्या आदल्या वर्षी. तेव्हा सामन्यात दोनच बदली खेळाडू उतरवता येत. पण आम्ही चार गोलांनी पुढे असतानाही ते चौघे शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात आणि आम्ही बाकावर. जिंकणाऱ्या संघाला उद्याची आठवण कोण करून देणार? धुळ्याच्या सामन्यानंतर रेल्वेत लागलेला आमचा लेफ्ट बॅक ड्यूटी संपवून भुसावळहून संध्याकाळच्या गाडीने येऊ लागला. अंधार पडेपर्यंत आमच्यासोबत उभा राहून तो नुसता बोलायला शिकवायचा. त्या वर्षी आम्ही पुढचे सामनेही हरलो, पण पाच गोल पुन्हा खाल्ले नाहीत.

शेवटच्या वर्षी, १९९१-९२ मध्ये, मी बचावात सगळ्यात जुना होतो. एका बाद सामन्यात आम्ही २-० पुढे होतो, पंधरा मिनिटं उरली होती. मी सरांना म्हणालो, मला बाहेर घ्या, पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवा. त्याच्या बाजूने दोन गोल झाले. पेनल्टीवर आम्ही बाहेर पडलो. माझे काही मित्र कितीतरी महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांचंही ते शेवटचंच वर्ष होतं. त्यांच्या वाट्याचा सामना मी माझ्या समजुतीपायी पणाला लावला, हे मला आजही मान्य आहे. पण तो पोरगा मात्र सगळे सामने संपेपर्यंत रोज सरावाला माझ्या शेजारी उभा राहिला.

आता नियम उदार झाले आहेत. १९९५ साली तीन बदल आले, २०२२ पासून नियमात कायमचे पाच. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथ्या वर्षाचा पर्यायही दिला आहे. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत संघ सांभाळणाऱ्या सरांना माझी एकच विनंती आहे. आपण पुढे असाल तेव्हा शेवटची पंधरा मिनिटं पुढच्या वर्षीच्या बॅकला द्या, आणि चौघांनाही एकदम बदलू नका. एक तरी जुना माणूस शेजारी असू द्या. त्यात एखादा सामना हातचा जाईल. जाऊ द्या. पुढच्या पावसाळ्यात संघाचं काय होणार, हे त्या पंधरा मिनिटांत ठरतं.

पदवी घेतल्यानंतरच्या पावसाळ्यात मी सामना पाहायला गेलो. त्याच वर्षी, १९९२ साली, नियम पुन्हा बदलला होता. बॅकने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही. म्हणजे संकटात चेंडू मागे देऊन टाक, हा मी त्या पोराला दिलेला पहिला धडा फुकट गेला होता. मी रेषेबाहेर धास्तावून उभा होतो. समोरून उंच चेंडू आला. दोघं जण त्याच्याकडे धावले. एवढ्यात त्याचा आवाज आला, ‘माझा, माझा!’ दुसरा थांबला. त्याने डोक्याने चेंडू दूर मारला, हात वर केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, ‘वर चला रे भो!’

चौघंही एका रेषेत पुढे सरकले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)