यान किती लांबून दिसतं? २०१६ मधल्या दोन गोष्टी

गेल्या रविवारी बावड्यात आम्ही मित्र अंतराळयानांचा एक रोलप्लेइंग गेम खेळत होतो. नियमात ‘सेन्सरची रेंज’ म्हणून एकच आकडा होता. एम.एस्सी. करणाऱ्या धाकट्या भावानं विचारलं, “दादा, खरं यान किती लांबून दिसतं?” उत्तर द्यायला गेलो आणि लक्षात आलं, प्रश्नच अर्धा आहे.

१९ ऑक्टोबर २०१६. युरोपियन स्पेस एजन्सीचं श्यापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा काही वॅटचा सिग्नल नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी थेट ऐकत होती. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभारलेली ही दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. अंतर सुमारे १७.५ कोटी किमी! उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या किंचित आधी सिग्नल बंद पडला. यान कोसळलं हे नंतर स्पष्ट झालं, पण ते गप्प झाल्याचा क्षण खोडदला नोंदला गेला होता.

आता दुसरी गोष्ट. आपल्या चांद्रयान-१ चा संपर्क ऑगस्ट २००९ मध्ये तुटला. जेमतेम दीड मीटरचा हा ठोकळा चंद्राभोवती मुकाट फिरत राहिला. जुलै २०१६ मध्ये जेपीएलच्या शास्त्रज्ञांनी तो शोधला. गोल्डस्टोनच्या ७० मीटर अँटेनातून रडारलहरी सोडल्या आणि १०० मीटरच्या ग्रीन बँक दुर्बिणीनं प्रतिध्वनी टिपला. अंतर फक्त ३.८ लाख किमी.

मग जवळचं यान शोधायला एवढा खटाटोप का? श्यापारेली स्वतः बोलत होतं. अंतर दुप्पट झालं की असा सिग्नल चौपट क्षीण होतो. मुक्या यानाकडे लहर जाऊन परत यावी लागते, म्हणून प्रतिध्वनी सोळापट क्षीण होतो. शिवाय दोन्हीकडे कुठं बघायचं हे आधी माहीत होतं. चांद्रयान ध्रुवांवरून जातं, म्हणून रडार चंद्राच्या उत्तर ध्रुवावर रोखून वाट बघितली गेली.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये ‘डिटेक्शन रेंज’ लिहिताना तीन गोष्टी सांगाच: समोरचा बोलतोय की गप्प आहे, पार्श्वभूमीचा गोंगाट किती, आणि आधीची माहिती काय. त्याशिवाय तो आकडा गेमपुरताच. आणि सिग्नल बंद पडला तर ती वेळही वहीत लिहा. तोही डेटाच आहे.