कडकट्ट ओळखणारा कान

तारेचा इतिहास सांगणारे सॅम्युएल मोर्सचे नाव घेतात आणि यंत्राचे वर्णन करतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आम्हांस यंत्रापाशी बसलेला माणूस आधी दिसतो.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून जाणारा दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तो एकेरी. अशा मार्गावर वांबोरीहून राहुरीकडे गाडी सोडायची, तर समोरून दुसरी येत नाही ना, हे आधी कळले पाहिजे. त्या काळी ते तारेने विचारीत. होकार आला की 'लाइन क्लिअर'. उतारूंचा जीव त्या कडकट्टवर अवलंबून असे.

ही लिपी टिंब आणि रेघ यांची. रेघ टिंबाच्या तिप्पट लांब. एक टिंब म्हणजे इंग्रजी ई, एक रेघ म्हणजे टी. पण दोन्ही लागोपाठ आली, तर ए. म्हणजे मधली शांतता ऐकण्यात चूक झाली की अक्षरच बदलले! पहिल्या यंत्रांत कागदी पट्टीवर खुणा उमटत. काम करता करता तारवाल्यांना उमगले, की नुसत्या आवाजावरूनही मजकूर उतरवता येतो. पुढे आवाजाचीच यंत्रे आली. हा शोध प्रयोगशाळेतला नव्हे, कामाच्या मेजावरचा होय.

हिंदुस्थानात मोर्सची पद्धत १८५७ साली आली. १९०८ साली कामाच्या नव्या पद्धतीविरुद्ध आणि पगारासाठी मुंबई, कलकत्ता, रंगून येथील तारवाल्यांनी संप केला. पुढारी हेन्री बार्टन. त्यांत गोरे होते, अँग्लो-इंडियन होते, देशीही होते. खांब उभे, तारा शाबूत. तरी तारांचे ढीग साचले आणि व्यापारी हवालदिल झाले. इतकी वर्षे यंत्र बोलते असे मानणाऱ्यांना बोलणारा कोण, ते तेव्हा कळले.

पुढे टेलिप्रिंटरने कडकट्ट मागे पाडली आणि १५ जुलै २०१३ पासून सरकारी तारसेवाही बंद झाली. त्याचे रडगाणे आम्ही गात नाही. पण नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत आजही आवाजावरून यंत्राचे दुखणे ओळखणारा फिटर आहे. वेतनकरारात त्याच्या कानाचे मोल मालक मांडत नाही, हे खरेच; पण मागणीपत्र लिहिताना आम्हीही ते विसरतो. हा दोष आमचा आहे, आणि तो आम्हीच दूर केला पाहिजे.