शहर उभारण्याच्या गेममध्ये सोपाऱ्याचा स्तूप कुठे आहे?

शहर उभारण्याचे व्हिडिओ गेम आज आपल्या वस्त्यांमधल्या मुलांच्या हातातही आलेले आहेत. सुरुवातीला रिकामी हिरवी जमीन मिळते. तिच्यावर रस्ते आखायचे, निवासी, व्यापारी आणि औद्योगिक विभाग रंगवायचे, पाणी-वीज पोहोचवायची, कर गोळा करायचा. लोकसंख्या वाढली किंवा ठरलेली अट पूर्ण झाली की बक्षीस म्हणून एखादी विशेष इमारत बांधता येते. तशी इमारत अख्ख्या शहरात एकच. ती उभी राहिली की पर्यटक येतात आणि जागेचा भाव चढतो. आपल्या देशातल्या ऐतिहासिक वास्तू या यादीत याव्यात म्हणून जगभरचे खेळाडू प्रस्ताव मांडतात. काही जण तर वास्तूंची प्रतिरूपे स्वतः तयार करून इतरांना वापरायला देतात.

हा पोरखेळ आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे काही मित्र विचारतील. संबंध आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'प्रसिद्ध वास्तू' ही यादी कोण करतो, हा प्रश्न गेममध्ये जसा आहे तसाच तो पाठ्यपुस्तकात आहे आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकातही आहे.

'सिटीज: स्कायलाइन्स' हा या प्रकारातला नावाजलेला गेम २०१५ साली आला. त्याच्या महागड्या आवृत्तीत पाच जगप्रसिद्ध वास्तू दिल्या होत्या: आयफेल टॉवर, पॅरिसची विजयकमान, बर्लिनचे ब्रँडेनबर्ग गेट, न्यूयॉर्कचे ग्रँड सेंट्रल स्थानक आणि लंडनचा सिटी हॉल. पाचही युरोप-अमेरिकेतल्या. गेम फिनलंडमधल्या कंपनीने बनवलेला, त्यामुळे यात नवल नाही. खरा प्रश्न आपली पाळी येते तेव्हाचा आहे. भारतातून कोणती नावे द्यायची असे विचारले की ताजमहाल, लाल किल्ला, गेटवे ऑफ इंडिया ही नावे तोंडावर येतात. मीरा-भाईंदरपुरते विचारले तर घोडबंदरचा किल्ला आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेतला धारावी किल्ला. राजे, सरदार, व्हाइसरॉय. ज्यांनी दगड वाहिले आणि भाईंदरच्या मिठागरांत ज्यांचे पाय खारट पाण्याने सोलले, त्यांची एकही वास्तू आपल्याला 'प्रसिद्ध' वाटत नाही.

म्हणून आमचा पहिला प्रस्ताव सोपाऱ्याच्या स्तूपाचा.

भाईंदरहून लोकलने तिसरे स्थानक नालासोपारा. प्राचीन शूर्पारक ते हेच. टॉलेमीसारख्या परदेशी लेखकांना हे बंदर ठाऊक होते. इथल्या टेकाडाला गावकरी 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केले. आत दगडी पेटी निघाली. त्या पेटीत एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक होते, भिक्षापात्राचे तुकडे होते, भोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती होत्या. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्याचा. १९५६! नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी कोकणाच्या मातीने अशोकाचा आणखी एक दगड वर दिला. योगायोगच तो, पण लक्षात ठेवावा असा.

त्या टेकाडाच्या नावाकडेही पाहा. लोक बुद्धाला विसरले, स्तूपाला विसरले, पण जागेला त्यांनी नाव ठेवले ते बांबूकाम करणाऱ्या बुरुडांच्या राजाचे. आठवण पुसली गेली तरी ती एका कष्टकरी जातीच्या नावाने टिकून राहिली. हा इतिहास कोणत्या गेमच्या माहितीपट्टीत येणार आहे?

आता आठव्या शिलालेखात काय आहे ते पाहू. पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि करमणुकीच्या विहारयात्रा काढत. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून त्याने धम्मयात्रा सुरू केल्या. ब्राह्मण-श्रमणांना भेटून दान देणे, वृद्धांना भेटणे, जनपदातल्या सामान्य माणसांना भेटणे, त्यांच्याशी धम्माची चर्चा करणे, हे त्या यात्रेचे काम. म्हणजे पर्यटन कशासाठी, याचे उत्तर सुमारे २२०० वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या दगडावर कोरले गेले. गेममधली विशेष इमारत पर्यटकांची संख्या मोजते. ती माणसे आली आणि कोणाला भेटली, हा आकडा तिथे नसतो.

खर्चाचा हिशेबही वेगळा आहे. गेममध्ये महापौराच्या तिजोरीतून पैसे वजा होतात आणि क्षणात इमारत उभी राहते. आमच्या शहराला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांचे शिलालेख वाचा. कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षू आणि भिक्षुणी यांनी लेणी आणि पाण्याची टाकी दान दिल्याच्या नोंदी तिथे आहेत. ही वास्तू एका राजाची नाही. ती अनेकांच्या घामाची वर्गणी आहे.

दुसरा प्रस्ताव महाडच्या चवदार तळ्याचा. तळे ही काही इमारत नव्हे, असे कोणी म्हणेल. पण गेमचा सर्वांत मोठा खोटेपणा याच तळ्यावर उघडा पडतो. गेममध्ये घरापर्यंत नळ गेला की त्या घराला पाणी मिळाले असे धरतात. महाडात काय होते? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर पाणी पोहोचले, ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह ते पाणी प्यायले, तेव्हा आपल्या माणसांवर हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागायला १९३७ उजाडले. म्हणून चवदार तळे गेममध्ये आणायचे असेल तर नळाच्या आकड्याशेजारी हक्काचा आकडा आणावा लागेल: कोणाला मिळते आणि कोणाला नाकारले जाते?

तिसरी वास्तू दादरची चैत्यभूमी. भैय्यासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने, लोकवर्गणीतून उभी राहिलेली, ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताईंच्या हस्ते खुली झालेली. ६ डिसेंबरला तिथे लाखो लोक येतात. गेमच्या हिशेबात ही फक्त वाहतूककोंडी आणि कचरा. काही वर्तमानपत्रांच्या हिशेबातही तेवढीच! रांगेत तासन्तास उभी राहणारी, परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जाणारी माणसे कोणत्याच आलेखात दिसत नाहीत. जागेचा भाव न वाढवता माणसाचा भाव वाढवणारी ही वास्तू आहे.

कोणी म्हणेल, बौद्ध वास्तू गेममध्ये आहेतच की. खरे आहे. 'सिव्हिलायझेशन' या गेमच्या सहाव्या भागात महाबोधी मंदिर आहे, २०२५च्या सातव्या भागात नालंदा आणि सांचीचा स्तूपही आहे. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण गंमत अशी की त्या सहाव्या भागात महाबोधी बांधायला खेळाडूने आधी धर्म स्थापन केलेला असावा लागतो आणि बांधल्यावर ते त्याचेच राहते. प्रत्यक्षात बुद्धगयेच्या १९४९च्या कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी बसवला. १८९१ पासून अनागारिक धर्मपालांनी ज्या हक्कासाठी लढा दिला, त्यासाठी २०२५ साली भिक्खूंना पुन्हा उपोषणाला बसावे लागले. पडद्यावर वास्तू मिळाली म्हणजे जमिनीवर हक्क मिळाला असे होत नाही, हे आपल्या तरुणांनी विसरू नये.

मग पडद्यावरचा प्रस्ताव तरी कशाला? कारण दहा-बारा वर्षांचे मूल शहर म्हणजे काय हे आज तिथे शिकते. तिथली जमीन आधीपासून रिकामी असते. तिच्यावर गावठाण नसते, पाडा नसतो, झोपडपट्टी नसते. बुलडोझर हे एक साधे बटण असते आणि पाडलेल्या घरातले माणूस कुठे गेले हे कोणी विचारत नाही. ज्या वस्तीने खरा बुलडोझर पाहिला आहे, तिथल्या मुलानेही हे बटण सहज दाबावे, ही आम्हाला काळजीची गोष्ट वाटते.

संगणक येणाऱ्या तरुण मित्र-मैत्रिणींना म्हणूनच एक काम सांगतो. एका रविवारी सोपाऱ्याला जा. स्तूपाचे फोटो काढा, आराखडा काढा, त्याचे प्रतिरूप तयार करा आणि खेळाडूंसाठी खुले करा. सोबत मराठीत चार ओळी लिहा: कोणी बांधला, कोणी विसरवला, कोणी शोधला. मग चवदार तळे, मग चैत्यभूमी. आणि त्या रविवारी स्तूपाजवळ राहणाऱ्या माणसांशी बोलल्याशिवाय परत येऊ नका. विहारयात्रा आणि धम्मयात्रा यांतला फरक तेवढाच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!